तिसरी ‘ब’ मधली कुमारिका

फाल्गुन लागला की आमच्या इंदूरच्या अन्नपूर्णा भागातले कडुनिंब एकदम सपाटा लावून पानं गाळायला लागतात. गच्ची झाडून खाली यावं, चहा ठेवावा, आणि परत वर जावं तर पुन्हा पिवळा थर. नेमका याच दिवसांत बेटमा गावाकडून वर्षाचा गहू येतो. तो उन्हात पसरायचा आणि त्यातली ही पानं वेचत बसायचं, हे माझं दरवर्षीचं काम. खालून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू येतं, समोरच्या घरातला मुलगा एकच व्याख्या पुन्हा पुन्हा घोकत असतो, आणि कुठल्या तरी मंगल कार्यालयातून सकाळीच सनई सुरू झालेली असते. परीक्षा आणि लग्नं ही दोन्ही एकाच महिन्यात कोणी घातली, त्या माणसाला मला एकदा गाठायचं आहे.

आज गहू वेचतानाच फोन आला. सुदामानगरच्या काकू. “अगं, आमच्या मिहीरचं लग्न आहे ना, तर करवलीच नाहीये कोणी. सईला दोन दिवस पाठवून दे ना. शाळेचं काय, ते तर होऊन जातं.”

“सई नाही येणार,” मी म्हटलं.

“का गं? तब्येत ठीक नाही का तिची?”

“तब्येत उत्तम आहे. शाळा आहे.”

मग काकूंनी “बरं बाई, जशी तुमची मर्जी” असं म्हणून फोन ठेवला. रागावल्या असणार. मी मात्र फोन हातात धरून तशीच बसून राहिले. ‘ते तर होऊन जातं’ हे शब्द ऐकले की मी अजूनही दचकते. दोन वर्षांपूर्वीचा फाल्गुन आठवतो, आणि आम्ही सगळी मोठी, शिकलेली, प्रेमळ माणसं काय करून बसलो होतो, ते आठवून पुन्हा तसाच धक्का बसतो.

सई माझी भाची, माझ्या धाकट्या बहिणीची, मेधाची, एकुलती एक मुलगी. मेधा कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिचा नवरा प्रशांत कऱ्हाडचा. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आला आणि आमच्या तावडीत सापडला. ती तिघं खालच्या मजल्यावर राहतात आणि मी वरच्या. विमा कंपनीतली नोकरी मी जरा आधीच सोडली, त्यामुळे घरातल्या सगळ्या ‘जरा बघून ये ना’ कामांवर माझी कायमची नेमणूक झालेली आहे.

आमचं कुळ इथलं जुनं. पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते असं आम्ही घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. टांग्याचा सोडला तर दुसरा घोडा आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलेला नाही, पण ते असो. घोडदळ गेलं तरी गोतावळा राहिला. चुलत, मावस, आते, मामे, शिवाय ज्यांचं नातं आता कोणालाच नीट सांगता येत नाही पण ज्यांच्याकडे गेलंच पाहिजे अशी घरं. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसांना एकमेकांच्या कार्याला जाण्याची जी हौस असते, ती पुण्यातल्या माणसाला कळायची नाही. प्रशांतला सुरुवातीला कळलीच नव्हती. “आपल्याकडे रोज कुणाचं तरी काहीतरी असतंच का?” असं त्यानं एकदा फार गंभीरपणे विचारलं होतं. मेधा म्हणाली, “हो. असतंच.”

गोतावळ्यातली तरुण मंडळी पुण्याला, बंगळूरला निघून गेली. मागे उरली म्हातारी माणसं आणि त्यांची व्रतं. नवरात्र आलं की कुमारिका हवी, उद्यापनाला कुमारिका हवी, लग्नात करवली हवी, बोडणाला तर हवीच हवी. आणि सगळ्या कुळात त्या वयाची इंदुरात राहणारी मुलगी एकच, आमची सई. त्यामुळे तिला जी मागणी आली, ती काय सांगावी! आधी विचारून ठेवावं लागे. एका नवरात्रात दोन काकूंचं तिच्यावरून चक्क वाजलं होतं.

आणि खरं सांगायचं तर ते दिसायचंही फार गोड. परकर-पोलक्यातली सई पाटावर बसलेली. कुणीतरी सत्तरीची आजी खाली वाकून तिचे पाय तबकात धुते आहे. पाण्यात हळद, बाजूला उदबत्ती, आतून पुरणाचा वास. सई हसू दाबून पायाची बोटं हलवते, कारण तिला गुदगुल्या होतात. शाळेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता कार्यघरात जे ऊन येतं ना, त्याची मजाच वेगळी असते. बाकीचं जग कामाला जुंपलेलं आहे आणि आपण श्रीखंड-पुरी खातो आहोत, असं ते चोरून मिळवलेलं ऊन. जेवणानंतर सई कुणाच्याही मांडीवर झोपून जाई. उठली की गोष्टी सांगे, नकला करी, अण्णाकाकांच्या चालण्याची नक्कल तर अशी हुबेहूब की स्वतः अण्णाकाकाच पोट धरून हसत. अण्णाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आमच्या गोतावळ्याचे सध्याचे सेनापती.

जाताना कुमारिकेला भेट द्यायची असते. पूर्वी बांगड्या, रुमाल असं काही देत. आता सगळ्यांना वाटतं मुलीच्या उपयोगाचं द्यावं. म्हणून कंपासपेटी, डबा, पाण्याची बाटली. शाळा बुडवून बुडवून शाळेच्या वस्तूंनी तिचं कपाट भरत चाललं होतं. तेव्हा आमच्यापैकी एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मेधा निष्काळजी आई होती असं कोणी समजू नये. उलटच. वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर रोज संध्याकाळी फळ्यावरचा सगळा अभ्यास कुणी ना कुणी टाकतच असे. मेधा ऑफिसातून आली की चहाच्या आधी तो बघायची. मग सईला घेऊन बसायची. पान न् पान पूर्ण. गणितं बरोबर. अक्षर मोत्यासारखं. इंग्रजी धडे सई तोंडानं धडाधड वाचून दाखवी, हिंदी कविता हातवारे करून म्हणे. मी कधी म्हटलंच, “मेधा, या आठवड्यात फार बुडली गं शाळा,” तर तिचं उत्तर ठरलेलं असे.

“ताई, एका दिवसाने काय होतं? सगळं तर ग्रुपवर येऊन जातं. मी करवून घेते ना रात्रीतून.”

आणि ती खरोखरच करवून घेत होती. म्हणून तर आम्हाला काही कळलं नाही. अभ्यास मागे पडला असता, लाल शेरे आले असते, तर आम्ही जागे झालो असतो. शाळा म्हणजे जे फळ्यावर लिहिलं जातं ते, आणि ते तर मोबाइलवर घरी येतंच आहे, अशी आमची पक्की समजूत होती.

त्या फाल्गुनाच्या तोंडावर शाळेनं एक नवीनच प्रकार काढला. प्रत्येक मुलाच्या घरच्या एका माणसानं एक सकाळ वर्गात, मुलाच्या शेजारी, बाकावर बसायचं. मेधाला रजा नव्हती, प्रशांतची कारखान्यात पाळी होती. तेव्हा अर्थातच, मी.

तिसरी ‘ब’ चा वर्ग मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. निळ्या भिंती, खिडकीत बाटल्यांची रांग, खडूचा आणि रबराचा वास, आणि एवढ्या मुलांच्या एकत्र श्वासांची ती एक उबट हवा. बाक इतके ठेंगणे की माझे गुडघे हनुवटीशी आले. माझ्या एका बाजूला सई, तिच्या पलीकडे दोन वेण्यांची एक मुलगी. रीना मॅडम, म्हणजे सईच्या वर्गशिक्षिका, तरुण होत्या, गडबडीत होत्या, पण चेहऱ्यानं मायाळू. त्यांनी मान खाली घालून हजेरी घ्यायला सुरुवात केली.

“आराध्या.” “यस मैम.” “देवांश.” “यस मैम.” असं चाललं होतं. मी कौतुकानं ऐकत होते. मग त्या म्हणाल्या, “सई.”

“नहीं आई, मैम!”

सगळा वर्ग. एका सुरात, एका ठेक्यात, सकाळची प्रार्थना म्हणावी तसा. कोणी मान वर केली नाही, कोणी इकडेतिकडे बघितलं नाही. आणि माझ्या शेजारी बसलेली सई, पाय हलवत, समोर बघत, त्यांच्यातच आवाज मिसळून म्हणाली, “नहीं आई, मैम!”

मॅडमचं पेन चाललं. त्या पुढच्या नावावर गेल्यासुद्धा.

क्षणभर मला वाटलं की वर्गात दुसरी एखादी सई असेल. मी खुळ्यासारखं इकडेतिकडे बघितलं. मी उठले तेव्हा गुडघा बाकाला जोरात आपटला, तो त्या वेळी दुखलाही नाही. “मैडम,” मी म्हटलं, “सई आई है. ये बैठी है.”

सगळ्या माना एकदम वळल्या. दोन वेण्यांची ती मुलगी सईकडे निरखून बघत म्हणाली, “ये सई है? मुझे लगा न्यू एडमिशन है.”

फेब्रुवारी महिना सरत आलेला. वर्ष संपायला आलेलं. आणि शेजारी बसणाऱ्या मुलीला वाटत होतं, ही नवीन आहे.

मॅडमचा चेहरा लाल झाला. “सॉरी आंटी,” त्या म्हणाल्या, “आदत हो गई है बच्चों को.” मग त्यांनी हजेरीतली खूण बदलली. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मुलांचाही आला नाही. त्यांनी जे रोज पाहिलं, तेच ती म्हणत होती.

नंतर गणिताचा तास झाला. मॅडमनी प्रश्न विचारला की हातांचं रान उठे. एका मुलानं चुकीचं उत्तर दिलं, सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्यानं अर्धं बरोबर दिलं. मग तिसरी एक मुलगी उभी राहून म्हणाली की पहिल्यानं हातचा धरला नाही म्हणून असं झालं. मी सईकडे बघत होते. उत्तर तिला पहिल्यापासून येत होतं, ओठ हलले होते. हात मात्र मांडीवरून उठला नाही. आमच्या घरी चुकीचं उत्तर कधी ऐकूच येत नसे. तिथे सई एकटीच, बरोबर उत्तर देणारी, आणि समोर टाळ्या वाजवणारे आम्ही. दुसऱ्याची चूक ऐकून मान हलवणं, आपली पाळी यायची वाट बघणं, आपण चुकल्यावर चार जणांनी हसणं आणि पाच मिनिटांनी त्याच चौघांबरोबर डबा खाणं, हे आम्ही तिला कुठून आणून देणार होतो?

मधल्या सुटीत गोल गोल बसून डबे उघडले गेले. कुणाचा पराठा कुणाकडे, कुणाचे पोहे कुणाकडे. सई माझी ओढणी धरून माझ्याजवळ उभी राहिली. “जा ना, बस त्यांच्यात,” मी म्हटलं. ती म्हणाली, “नको मावशी, त्यांचं सगळं ठरलेलं आहे.” जी मुलगी अनोळखी घरात पाटावर राणीसारखी जाऊन बसायची, ती आपल्या वर्गात पाहुण्यासारखी कोपऱ्यात उभी होती. मला तिथे रडू येईल की काय अशी भीती वाटली.

परत येताना स्कूटरवर मी विचारलं, “सई, तू हजेरीला ‘यस मैम’ का नाही म्हणालीस?”

“सगळे ‘नहीं आई’ म्हणतात ना. म्हणून मी पण म्हणते.”

“पण तू तर होतीस तिथे!”

“हो. पण सगळ्यांच्या बरोबर म्हणायला मजा येते,” ती म्हणाली. “तेवढंच मला येतं त्यांचं.”

रस्त्यात मला स्कूटर बाजूला घेऊन थांबावं लागलं. सईनं विचारलं, “पेट्रोल संपलं का गं?”

आजही मला सगळ्यात जास्त हादरवतं ते वर्गातलं नाही. त्यानंतर घरी जे झालं, ते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, आणि मेधा हसली. डोळ्यांत पाणी येईतो हसली. “अगंबाई, स्वतःच म्हणाली ‘नहीं आई’?” प्रशांतला हसता हसता चहाचा ठसका लागला. मला वाटलं, माझंच सांगताना काहीतरी चुकलं असणार. पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले.

पुढच्याच आठवड्यात एका बारशाला अण्णाकाकांनी तो किस्सा सगळ्यांना रंगवून ऐकवला. मग म्हणाले, “सई, बेटा, म्हणून दाखव जरा.” सई खुर्चीवर चढली. मॅडमचा आवाज काढून तिनं आपलंच नाव पुकारलं, मग वर्गाचा आवाज काढला, “नहीं आई, मैम!” हॉल हसून लोटपोट. कुणी म्हणालं, परत कर. तिनं परत केलं. बाळाची आजी म्हणाली, काय गं बाई चुणचुणीत! कुणीतरी तिच्या हातात बर्फी दिली.

“हसताय काय?” मी ओरडले. माझा आवाज त्या हॉलमध्ये फार मोठा वाटला. “ती मुलगी रोज स्वतःची गैरहजेरी लावते आहे, आणि तुम्हाला हसू येतंय?”

अण्णाकाका समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं, तू पण ना, एकदम सीरियस होऊन जाते. पोरगी किती खुश आहे बघ.”

पोरगी खुश होतीच. तेच तर.

गच्चीवर ऊन आता चढलं आहे. गहू तापला की त्याला एक कोरडा, गोडसर वास येतो. समोरचा मुलगा अजून तीच व्याख्या घोकतो आहे. त्याची आई मधेच येऊन त्याच्या पुढ्यात भाजलेले हरभऱ्याचे घाटे ठेवून गेली. मुलांसाठी आपण काय काय करतो. खाऊ घालतो, घोकवून घेतो, शिकवणी लावतो. ज्या एका ठिकाणी त्यांनी आपल्याशिवाय असायचं असतं, तिथे त्यांना रोज नेऊन सोडणं, एवढं साधं काम आमच्या हातून कसं निसटलं, याचं मला आजही नवल वाटतं. नवल कसलं, संताप येतो.

मेधाचं हसू थांबलं ते रीना मॅडमनी बोलावलं तेव्हा. ती, प्रशांत आणि मी, तिघंही गेलो. मॅडम फार जपून बोलत होत्या. म्हणाल्या, लेखी काम उत्तम आहे, पण वर्गात सई बोलत नाही. वाचायला उभी केली तर नुसती उभी राहते. “मैंने तो सोचा, शायद बोलने में कुछ दिक्कत है. आपने कभी डॉक्टर को दिखाया?”

मेधाला आधी कळलंच नाही. “किसको?” तिनं विचारलं.

“सई को.”

“मैडम, वो घर में एक मिनट चुप नहीं रहती!” मेधानं फोन काढला आणि बारशाचा व्हिडिओ लावला. खुर्चीवर उभी सई, आवाज खणखणीत, हावभाव, लोकांच्या टाळ्या. मॅडम बघत होत्या. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“ये... ये वही है?” त्या म्हणाल्या. “मैंने इसकी आवाज़ आज पहली बार सुनी है.”

मेधा फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत बसली. तो व्हिडिओ कशाचा आहे, सई त्यात काय म्हणते आहे, हे जणू तिला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. प्रशांत खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर पटांगणात कुठल्या तरी वर्गाचा खो-खो चालला होता आणि नुसता कल्ला होता.

त्यानंतर मात्र मेधानं कंबर कसली. ठरलेल्या दोन कार्यांना तिनं नाही म्हटलं, रुसवे ओढवून घेतले. प्रशांतनं पाळी बदलून घेतली आणि सईला रोज स्वतः फाटकापर्यंत सोडायला लागला. शनिवारी मेधा मॅडमना भेटायची. घरी सई काय बोलते, कशाला हसते ते सांगायची, आणि वर्गात काय झालं ते ऐकायची. मॅडमनीही मनापासून प्रयत्न केले. वह्या वाटायचं काम सईला दिलं, म्हणजे तिला सगळ्यांची नावं कळतील आणि सगळ्यांना तिचं. हजेरीला तिच्या नावाशी थांबून त्या वर बघू लागल्या. ‘नहीं आई’ बंद झालं. सई आता मान हलवून हात वर करत असे. आवाज काही फुटेना.

रंगपंचमी आली. राजवाड्याकडची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला आम्ही सगळे गेलो, डोक्यापासून पायापर्यंत रंगलो. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या मुलांचे कान गुलाबी, नखं निळी. सईचेही. ती घरी आली आणि मला म्हणाली, “आराध्याच्या भावाला टँकरचं पाणी लागलं आणि तो पडला. दोन वेण्यांवाल्या परीच्या घरी वरणात रंग पडला. देवांश अजून हिरवा आहे.” मी आनंदानं विचारलं, “तू काय सांगितलंस त्यांना?”

“मला कोणी नाही विचारलं,” ती म्हणाली. “मी ऐकलं.”

वार्षिक परीक्षेत लेखी गुण सुरेख आले. तोंडी परीक्षेला ती उभी राहिली, पुस्तक हातात धरलं, ओठ हलवले. मॅडमनी बराच वेळ वाट बघितली. मग मागून कोणीतरी मदत करावी तशा सुरात म्हणालं, “मैम, ये नहीं बोलती.” मॅडमनी हे मेधाला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाजही बसला होता. एक वाक्य आम्ही पुसून काढलं, तर त्या जागी दुसरं येऊन बसलं होतं.

निकालाच्या वेळी त्या म्हणाल्या, “पास तो है. चौथी में जाएगी ही. पर मेरी मानें तो एक साल और तीसरी में रहने दीजिए. फ़ैसला आप लोगों का.”

त्या संध्याकाळी मेधाच्या बैठकीच्या खोलीत जे रण माजलं! अण्णाकाका मुद्दाम आले होते. “नापास? आपल्या घराण्यात?” त्यांना ‘नापास’ या शब्दापलीकडे जाताच येईना. मेधा गुणपत्रिका पुन्हा पुन्हा पुढे करत होती, “एवढे मार्क असताना? का म्हणून? ती लहान तोंड करून खालच्या वर्गात बसेल, सगळी मुलं चिडवतील, आयुष्यभर डोक्यात राहील तिच्या.” प्रशांत म्हणत होता, शाळाच बदलू. मग म्हणाला, नको, पुन्हा नव्यानं सगळं. मग म्हणाला, चौथीतच पाठवू, हळूहळू बोलेल. मला कुणी विचारलं तर मी काय सांगणार होते? मला स्वतःलाच काही सुचत नव्हतं. एका बाजूला तिचं वर्ष, दुसऱ्या बाजूला तिचा आवाज.

सई झोपाळ्यावर बसून पुस्तक वाचत होती. आपल्याबद्दल चाललं आहे हे तिला कळत होतं, पण वर बघत नव्हती. शेवटी प्रशांतच तिच्यापुढे उकिडवा बसला.

“सई, तू सांग बाळा. चौथीत जायचं ना तुला?”

तिनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं. “चौथीत हीच मुलं असणार?”

“हो तर. तुझीच सगळी. आराध्या, परी, देवांश, सगळे.”

“मग मी तिसरीतच बसते,” ती म्हणाली.

“अगं, पण का?” मेधाचा आवाज चिरकला. “तुला सगळं येतं! सगळं!”

“तिसरीत आता दुसरीतली नवी मुलं येतील ना, मम्मा,” सई तिला समजावत म्हणाली, आम्ही मोठ्या माणसांनी तिला आजवर कित्येकदा समजावलं होतं तशीच, शांतपणे. “त्यांना अजून माहीतच नाहीये, की मी नसते म्हणून.”